शेती, शिक्षण आणि संशोधन : परभणीत एका छताखाली आलेली तीन खाती

आजचा विषय वरवर पाहता रुक्ष आहे. सरकारी खात्यांचा इतिहास ऐकायला कोण बसणार, असं कुणालाही वाटेल. पण खात्याची पाटी बदलते तेव्हा गावातल्या शेतात काय बदलतं, हे पाहायचं असेल तर परभणीसारखी जागा नाही. "जगात जर्मनी, भारतात परभणी" असं परभणीकर ऐटीत म्हणतात, आणि "बनी तो बनी, नहीं तो परभणी" असंही म्हणतात. आपण आज या दुसऱ्या म्हणीच्या बाजूनं, म्हणजे जमलं नाही तर काय, या बाजूनं जाणार आहोत.

प्रश्न असा आहे. लोकांचं पोट ज्या व्यवसायावर चालतं तो व्यवसाय, त्याचं शिक्षण आणि त्यावरचं संशोधन, ही तीन कामं सरकारनं एका ठिकाणी ठेवावीत की वेगवेगळी? स्वित्झर्लंडमध्ये २०१३ पासून केंद्र सरकारचं एकच खातं अर्थव्यवस्था, शिक्षण आणि संशोधन हे तिन्ही सांभाळतं, आणि शेतीचं कार्यालयही त्याच खात्यात बसतं. आपल्याकडे ही जोडणी आणि मोडणी गेली दीडशे वर्षं चालू आहे. दिल्लीत ती कागदावर झाली, परभणीत ती काळ्या जमिनीवर झाली.

सुरुवात कागदापासून करू. १८७१ साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत हिंदुस्थान सरकारनं एक नवं खातं काढलं : महसूल, शेती आणि व्यापार. शब्दांचा क्रम बघा. महसूल आधी, मग शेती. सरकारला शेत पहिल्यांदा कळलं ते साऱ्याच्या वहीतून. दुसरी गोष्ट, या खात्यामागे मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा रेटा होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धात त्यांचा कापूस अडला, तेव्हा हिंदुस्थानातून लांब धाग्याचा, स्वच्छ कापूस मिळावा असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे शेतकऱ्याला काय हवं, या प्रश्नातून हे खातं जन्मलं नाही. या खात्याचे पहिले सचिव होते अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. हो, तेच, ज्यांनी पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. शेतीसाठी स्वतंत्र, जाणकार माणसांचं खातं हवं असं ह्यूम यांचं म्हणणं होतं. ते ऐकलं गेलं नाही. १८७९ मध्ये खातं मोडलं. मधल्या काळात, १८७६ ते १८७८, दख्खन आणि दक्षिण हिंदुस्थानात भीषण दुष्काळ पडून गेला होता. त्यानंतरच्या दुष्काळ आयोगानं शेतीखात्याची शिफारस केली आणि १८८१ मध्ये ते परत उभं राहिलं. आपल्याकडे शेतीचं खातं दुष्काळानंतर आठवतं. ही सवय तेव्हापासूनची आहे. पुढे परभणीतही ती भेटणार आहे.

१९०५ मध्ये बिहारात पुसा इथं शेती संशोधन संस्था निघाली. हेन्री फिप्स या अमेरिकी गृहस्थानं दिलेल्या देणगीतला मोठा वाटा तिथं लागला. संशोधन आणि वरचं शिक्षण एका आवारात, ही कल्पना इथं पहिल्यांदा नीट उभी राहिली. मग १९१९ च्या सुधारणांत शेती हा विषय प्रांतांकडे गेला, आणि १९२३ मध्ये दिल्लीत एक गमतीदार खातं तयार झालं : शिक्षण, आरोग्य आणि जमीन. शेतीचा राहिलेला कारभार त्याच्याकडे आला. शाळा, दवाखाने आणि शेती एकाच टेबलावर. पण हातात फारसं काही नाही, कारण अंमल प्रांतांचा. मग १९२६ साली शेतीवर रॉयल कमिशन नेमलं गेलं, १९२८ साली त्याचा अहवाल आला, आणि १९२९ साली संशोधनाची जुळवाजुळव करणारी एक परिषद स्थापन झाली. आज आपण तिला भारतीय कृषी अनुसंधान परिषद म्हणतो.

आता इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. हे सगळं ब्रिटिश हिंदुस्थानात चाललं होतं. परभणी त्यात नव्हती. परभणी, नांदेड, बीड, औरंगाबाद आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. तिथे निजामाचं सरकार, निजामाचं शेतीखातं आणि कारभाराची भाषा उर्दू. म्हणून आपल्याला दिल्लीचा धागा जरा बाजूला ठेवून हैदराबादकडे वळावं लागतं.

१९१८ हे साल हैदराबादच्या इतिहासात उस्मानिया विद्यापीठाचं म्हणून ओळखलं जातं. उर्दूतून उच्च शिक्षण देणारं हे विद्यापीठ राजधानीत उभं राहिलं आणि त्याचं कौतुक सगळ्या देशात झालं. त्याच साली परभणीत संस्थानच्या शेतीखात्यानं मुख्य प्रायोगिक प्रक्षेत्र सुरू केलं. मराठवाड्यातल्या शेती संशोधनाची नोंद इथून सुरू होते. दोन्ही घटना एकाच सरकारच्या, एकाच वर्षातल्या. पण त्यांची एकमेकांशी गाठ पडली नाही. शिक्षण राजधानीत गेलं, संशोधन जिल्ह्यात आलं. जो पोरगा परभणीच्या रानात वाढला त्याला शेतीचं वरचं शिक्षण घ्यायचं तर हैदराबाद गाठावं लागे, किंवा संस्थानची हद्द ओलांडून पुण्या-नागपूरला जावं लागे. घरची दोन बैलांची शेती असणाऱ्याला हे कुठून परवडणार?

परभणीच का, हाही प्रश्न विचारायला हवा. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबादहून मनमाडला जाणारी गोदावरी खोऱ्यातली रेल्वे झाली आणि परभणी त्या लोहमार्गावर आली. भोवती गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या खोऱ्यातली काळी, चिकण, भेगाळणारी जमीन. ही जमीन ओल धरून ठेवते, पण पाऊस झाला की चार दिवस तिच्यात पाय घालता येत नाही. वाफसा येईपर्यंत थांबायचं आणि वाफसा आला की एका झपाट्यात पेरणी उरकायची. खरिपात कापूस, तूर, मूग. रब्बीत ज्वारी, करडई, हरभरा. असं पीकपाणी म्हणजे प्रयोगाला उत्तम जागा.

प्रायोगिक प्रक्षेत्रावर काय करतात, हे थोडं सांगायला हवं, कारण "सरकारी फार्म" म्हटलं की लोकांना कुंपण आणि पाटीच आठवते. समजा ज्वारीच्या पाच जाती तपासायच्या आहेत. एकेक जात एकेका तुकड्यात पेरून भागत नाही. एक तुकडा उताराचा असतो, एक पाणथळ असतो. म्हणून प्रत्येक जात अनेक लहान तुकड्यांत, चिठ्ठ्या टाकल्यासारखी विखरून पेरायची. सोबत गावात चालणारी जुनी जात पेरायचीच पेरायची, कारण तुलना तिच्याशी आहे. आणि हे एक वर्ष करून चालत नाही. चांगल्या पावसाचं एक वर्ष कुणालाही शहाणं ठरवतं. चांगलं, मध्यम, वाईट अशी सगळी वर्षं बघावी लागतात. म्हणजे संशोधनाला लागतो वेळ, आणि वेळ म्हणजे दरवर्षी न चुकता येणारा पैसा. तो पैसा कोण देतो आणि कशासाठी देतो, यावर प्रयोगाचं उत्तर ठरतं असं आम्ही म्हणणार नाही. प्रश्न कोणता विचारायचा, हे मात्र त्यावर ठरतं.

कापसाचं उदाहरण घेऊ. या भागातला देशी कापूस "गावरानी" नावानं ओळखला जायचा. देशी जातींत त्याचा धागा बराच बारीक आणि लांब, म्हणून मुंबईच्या बाजारात "हैदराबाद गावरानी" ला नाव होतं. नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली तीही याच कापसाच्या मुलखात. १९२१ साली इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली आणि १९२३ च्या कायद्यानं कापसाच्या गाठीवर उपकर बसवून संशोधनाला पैसा उभा केला गेला. गावरानीतून निवड करून सुधारित जाती काढण्याचं काम हैदराबाद संस्थानात झालं, पुढे नांदेड हे कापूस संशोधनाचं केंद्र बनलं. काम मोलाचं होतं, यात शंका नाही. पण व्यापाऱ्याला हवा होता लांब धागा. शेतकरी बघायचा उतारा, म्हणजे एक मण कापसातून रुई किती निघते, आणि पाऊस दगा देईल तेव्हा झाड तग धरतं का. लांब धाग्याच्या जातीचा उतारा अनेकदा कमी पडायचा. बाजारात धाग्याच्या लांबीला वेगळा भाव मिळाला तर ठीक, नाहीतर सगळा कापूस एकाच ढिगात, एकाच भावानं. मग शेतकऱ्यानं सरकारी बियाणं घेऊन काय साधायचं? साहेब म्हणायचे, रयत अडाणी आहे, सुधारणा स्वीकारत नाही. रयतेचा हिशेब मात्र पक्का होता. आपण इतिहास वाचताना हा हिशेब वगळला तर अर्धाच इतिहास हाती लागतो.

भाषेचाही मुद्दा आहेच. प्रक्षेत्रावरचा अहवाल इंग्रजीत, कचेरीतला हुकूम उर्दूत आणि तिफण धरणाऱ्याची भाषा मराठी. मधे दुवा कोण? गावातला पटवारी. आणि पटवाऱ्याला बघून शेतकरी पीक दाखवण्याऐवजी लपवायचाच विचार करणार, कारण पटवारी म्हणजे सारा. १८७१ च्या खात्याच्या नावात महसूल पहिला होता, तो असा शेताच्या बांधापर्यंत पहिला राहिला.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. नंतर राज्यघटना आली आणि तिच्यात आपल्या विषयाचा पाया घातला गेला. सातव्या परिशिष्टातल्या राज्यसूचीत चौदावी नोंद आहे ती शेतीची, आणि त्या नोंदीत "शेतीचं शिक्षण आणि संशोधन" हे शब्द स्पष्ट घातलेले आहेत. म्हणजे शेती, तिचं शिक्षण आणि तिचं संशोधन हे तिन्ही घटनेनं एका ओळीत, राज्याच्या हातात दिले. केंद्राकडे उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांमध्ये समन्वय साधायचं आणि दर्जा ठरवायचं काम राहिलं. आजही दिल्ली आणि मुंबई यांच्यात जी ओढाताण दिसते, तिचं मूळ या दोन नोंदींत आहे.

१९५६ साली परभणीत कृषी महाविद्यालय सुरू झालं. मराठवाड्यातलं हे पहिलं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. एका वर्षात जिल्ह्याला कॉलेज मिळालं आणि राजधानी बदलली. प्रायोगिक प्रक्षेत्र १९१८ चं, कॉलेज १९५६ चं. मधली अडतीस वर्षं संशोधन होतं पण ते पुढे नेणारी इथलीच मुलं तयार करायची सोय नव्हती. या अडतीस वर्षांना मराठवाड्याच्या मागासलेपणाच्या हिशेबात धरलंच पाहिजे. अनुशेष म्हटलं की आपण रस्ते, रेल्वे, सिंचन मोजतो. शिकलेल्या माणसांचा अनुशेष मोजायचा राहून जातो.

आता तिन्ही एकत्र आणायचा विचार कुठून आला? त्यासाठी थोडं अमेरिकेला जाऊन येऊ. १८६२ साली, ऐन यादवी युद्धात, तिथे मोरिल कायदा झाला. सरकारी जमिनी देऊन प्रत्येक राज्यात शेती आणि यंत्रविद्येची महाविद्यालयं काढायची, असा तो कायदा. १८८७ मध्ये दुसऱ्या कायद्यानं त्यांना प्रयोगकेंद्रं जोडली. १९१४ मध्ये तिसऱ्या कायद्यानं विस्तारसेवा, म्हणजे ज्ञान शेतकऱ्याच्या दारात पोचवणारी माणसं जोडली. बावन्न वर्षांत तीन पायऱ्या. स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगानं ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली, पन्नासच्या दशकात भारतीय आणि अमेरिकी तज्ज्ञांच्या संयुक्त पथकांनी या नमुन्याची शिफारस केली, आणि १९६० साली पंतनगरला देशातलं पहिलं कृषी विद्यापीठ उभं राहिलं.

महाराष्ट्रात १९६७ चा कायदा झाला आणि १९६८ मध्ये एकच कृषी विद्यापीठ स्थापन झालं. ते कुठं असावं यावरून रान पेटलं. विदर्भात आंदोलन झालं, आणि १९६९ मध्ये अकोल्याला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं. राहुरीचं राहिलं पश्चिमेसाठी. मराठवाड्याची मागणी होतीच. अखेर १८ मे १९७२ रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं, आणि त्याच दिवशी दापोलीला कोकणचं. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक. त्यांच्या जन्मशताब्दीत, २०१३ साली, परभणीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव देण्यात आलं.

तारखेकडे पुन्हा बघा. १८ मे १९७२. तीन आठवड्यांनी मृग लागणार होता. आणि त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. आजही मराठवाड्यात जुनी माणसं वय सांगताना "बहात्तरच्या दुष्काळात मी एवढा होतो" असं हात दाखवून सांगतात. खडी फोडायची कामं, पाझर तलावाची कामं, सुकडी, आणि रेशनवर आलेली ती परदेशी लाल मिलो. ज्वारीच्या मुलखात माणसं परदेशी ज्वारी खात होती. त्या कामांतूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना आकाराला आली. नव्या विद्यापीठापुढे पहिला प्रश्न पुस्तकातला नव्हता. कोरडवाहू शेतात, एक-दोन पाण्याच्या ओलीवर, काय उगवेल?

विद्यापीठाची रचना तीन कामांची ठरली : शिक्षण, संशोधन आणि विस्तार शिक्षण. शेतीखात्याकडची संशोधन केंद्रं विद्यापीठाकडे आली. नांदेडचा कापूस, बदनापूरची कडधान्यं, परभणीची ज्वारी. पुढे अन्नतंत्र, गृहविज्ञान, उद्यानविद्या, कृषी अभियांत्रिकी अशी महाविद्यालयं निघाली. आणि दीड वर्षात दिल्लीतही तसंच घडलं. डिसेंबर १९७३ मध्ये केंद्र सरकारनं कृषी संशोधन आणि शिक्षण विभाग असा स्वतंत्र विभाग काढला. परिषदेचे महासंचालक तेच या विभागाचे सचिव. १८७१ पासून जे जुळत-मोडत होतं ते निदान नावात तरी एकत्र आलं.

दिल्लीचा हा विभाग परभणीपर्यंत पोचतो कसा? अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांमधून. ज्वारी, कापूस, करडई, कोरडवाहू शेती असे एकेक प्रकल्प, आणि प्रत्येकाची केंद्रं निरनिराळ्या राज्यांच्या विद्यापीठांत. खर्चाचा पाऊण वाटा परिषदेचा, पाव वाटा राज्याचा, अशी जुनी रीत. परभणीत तयार झालेला वाण इतर केंद्रांवरही पेरला जातो, तिथला इथं पेरला जातो, आणि काही वर्षांच्या चाचणीनंतर शिफारस होते. एका जिल्ह्याचा अनुभव दुसऱ्या राज्याच्या कामी येतो.

या रचनेतून काय निघालं? चार उदाहरणं सांगतो.

पहिलं भेंडीचं. भेंडीवर पांढऱ्या माशीमुळे पसरणारा हळद्या रोग येतो, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात आणि पीक जातं. इथल्या शास्त्रज्ञांनी पुसा सावनी या प्रचलित जातीचा भेंडीच्या एका रानटी भाईबंदाशी संकर केला आणि त्यातून "परभणी क्रांती" आली. हा वाण महाराष्ट्राबाहेरही पोचला. पुढे रोगानंही आपलं रूप बदललं आणि तिची ताकद काही ठिकाणी उणावली. म्हणजे संशोधन एकदा करून संपत नाही, हेही तिनं शिकवलं.

दुसरं तुरीचं. वांझ रोग आला की तुरीला पानंच पानं येतात, फूल-शेंग येत नाही. मर रोग आला की उभं झाड वाळतं. बदनापूरच्या केंद्रातून आलेली बीएसएमआर ७३६ ही लाल तूर या दोन्ही रोगांना तोंड देते. तिच्या नावातलं पहिलं अक्षर बदनापूरचं आहे. किती जणांनी त्या तुरीचं वरण खाल्लं असेल, आणि नाव कुणाला ठाऊक नाही!

तिसरं सोयाबीनचं. एमएयूएस ७१ या नावात मराठवाडा कृषी विद्यापीठाची इंग्रजी आद्याक्षरं आहेत. नव्वदच्या दशकानंतर मराठवाड्यात खरीप ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली, त्या लाटेत विद्यापीठाच्या वाणांचा वाटा आहे. रोख पैसा आला, हे खरं. ज्वारीसोबत कडबाही गेला आणि जनावरं कमी झाली, हेही त्याच हिशेबात लिहायला हवं.

चौथं उदाहरण दुखरं आहे. नांदेडचा एनएचएच ४४ हा संकरित कापूस कोरडवाहू शेतकऱ्याचा हात धरणारा होता. रस शोषणाऱ्या किडी तो बऱ्यापैकी सोसायचा. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळीला मारणारा तो जनुक खासगी कंपनीच्या मालकीचा होता. काही वर्षांत बाजारात बीटी नसलेलं बियाणं उरलंच नाही आणि एनएचएच ४४ मागे पडला. नंतर महाबीजच्या साथीनं तो बीटी रूपात परत आणायचं काम झालं, पण तोवर बरीच वर्षं निघून गेली होती. बीटी आपल्याकडे संकरित वाणातच आलं, म्हणजे दरवर्षी बियाणं विकत घेणं आलं. सार्वजनिक पैशानं, तीस-चाळीस वर्षांच्या मेहनतीनं उभं राहिलेलं काम बाजूला पडलं, कारण एक तुकडा आपल्या हातात नव्हता. शिक्षण, संशोधन आणि विस्तार एका छताखाली होते. बाजार त्या छताखाली नव्हता.

आणि छताखालून आणखीही काही निसटलं. २००० साली नागपूरला पशू व मत्स्य विज्ञानाचं वेगळं विद्यापीठ झालं आणि परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय त्याच्याकडे गेलं. कारभाराच्या दृष्टीनं त्यात सोय असेल. पण लाल कंधारी बैल आणि कापूस हे शेतकऱ्याच्या एकाच अंगणातले. कडबा कमी झाला याचा अभ्यास परभणीच्या पिकांच्या खात्यानं करायचा की नागपूरच्या जनावरांच्या? दुसरी गोष्ट, विस्ताराचा मोठा भाग कधी विद्यापीठाकडे आलाच नाही. तालुक्याला शेतकरी ज्याच्याकडे जातो तो कृषी अधिकारी राज्याच्या कृषी खात्याचा. शोध लावणारा एका खात्यात, सांगणारा दुसऱ्या. अमेरिकेचा नमुना घेताना तिसरी पायरी आपण अर्धीच चढलो.

बियाण्याची साखळी बघितली तर हे नीट कळतं. शास्त्रज्ञ पैदासकार बियाणं देतो. त्यापासून पायाभूत बियाणं होतं, त्यापासून प्रमाणित, आणि ते शेतकऱ्याच्या पिशवीत येतं. पहिली कडी विद्यापीठाची, पुढच्या बऱ्याचशा कड्या महाबीजच्या किंवा खासगी बियाणे कंपन्यांच्या. एखादा वाण उत्तम असला तरी मधली एक कडी ढिली पडली की तो अहवालात राहतो. शेतकऱ्याला वाटतं, विद्यापीठ काही करत नाही. शास्त्रज्ञाला वाटतं, आपण केलं ते कुणी घेत नाही. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात.

मग एकत्र ठेवण्याचा उपयोग काय? आम्हाला वाटतं, उपयोग आहे, पण तो पाटीमुळे होत नाही. या सगळ्या इतिहासात काम जिथं जिथं फळाला आलं, तिथं प्रश्न शेतातून आला होता. भेंडी पिवळी पडते, तूर वांझ राहते, हे प्रश्न शेतकऱ्याचे होते आणि त्यांची उत्तरं टिकली. प्रश्न जेव्हा साऱ्यातून, गिरणीतून किंवा बाजारातून आला, तेव्हा उत्तर तिकडेच गेलं. २०१८ मध्ये हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या साथीनं "परभणी शक्ती" ही लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी आली. तिच्यामागचा प्रश्न घरातल्या बाईच्या अंगातल्या रक्ताचा आहे. ज्या जिल्ह्यात बहात्तरला मिलो खाल्ली गेली, तिथं ज्वारीच्या भाकरीतून रक्त वाढवायचा विचार होतोय. ती भाकरी ताटात पोचते का, हे मात्र बियाण्याच्या साखळीवर आणि ज्वारीला मिळणाऱ्या भावावर ठरेल.

तेव्हा उद्या कुठल्याही सरकारनं शेती, शिक्षण, संशोधन यांचं नवं खातं काढलं किंवा जुनं मोडलं, तर आपण तीन गोष्टी विचाराव्यात. पैसा दरवर्षी येणार का, की फक्त दुष्काळानंतर? इथल्या मुलांना इथंच शिकून त्या जागांवर बसता येणार का? आणि तयार झालेलं ज्ञान, बियाणं, कुणाच्या मालकीचं राहणार? अडतीस वर्षांचं अंतर, बहात्तरचा दुष्काळ आणि एनएचएच ४४, या तीन गोष्टींनी परभणीनं हे तीन प्रश्न आपल्याला शिकवले आहेत.

जाता जाता एक सुचवतो. परभणीचं विद्यापीठ दरवर्षी १८ मे ला, आपल्या स्थापनादिनी, खरीप मेळावा भरवतं आणि १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, रब्बी मेळावा. मंडपात भाषणं चालू असतात तेव्हा बाहेर बियाण्याच्या खिडकीसमोर रांग लागलेली असते. जमलं तर एकदा जा आणि त्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला विचारा, तो कोणता वाण घ्यायला आलाय आणि का. त्याच्या उत्तरात आजचं अर्धं व्याख्यान सापडेल.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.